मेकॅनिकचा कान

१९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे तिचीच ‘पद्मिनी’ झाली, आणि २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत तिच्या १०८९ सीसी पेट्रोल इंजिनाची मूळ घडण फारशी बदलली नाही. तिकडे अ‍ॅम्बेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून जुनी गाडी मोडीत न जाता मालकामागून मालक बदलत असे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरणारा मेकॅनिक घडला तो याच काळात. त्याच्या कौशल्याला कोणी दैवी देणगी म्हणते, कोणी जुगाड. दोन्ही शब्द त्याच्यावर अन्याय करतात. ते ज्ञान होते, आणि ज्ञानाला लागणारा पडताळा त्यामागे होता.

त्याच्या कामाचा क्रम पाहिला की हे पटते. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक आणि क्रँककडची ठकठक लयीवरूनच वेगळी काढता येते. गार इंजिनात येणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज बहुधा सिलिंडरमध्ये सैल झालेल्या पिस्टनचा असतो. भार पडला की घुमणारी जड ठोक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. मग एकेका प्लगची वायर काढायची. ज्या सिलिंडरची वायर काढताच ठोक मंदावते, दोष तिथला. फॅनचा पट्टा उतरवल्यावर घरघर थांबली, तर डायनॅमो नाहीतर वॉटर पंप तपासायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे, हीच प्रयोगाची शिस्त. जुनी गाडी घेताना तर ती फारच मोलाची ठरे. जाड ऑइल भरून खडखड दाबता येते, गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवता येते. म्हणून जाणता मेकॅनिक आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना, हे पाही.

पण आवाजाचा अर्थ त्याला शिकवला कोणी? इथे वैद्यकाचा इतिहास उपयोगी पडतो. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरने स्टेथोस्कोप शोधला. त्याचे खरे काम मात्र नळी बनवण्यापुरते नव्हते. जिवंतपणी छातीत ऐकलेला आवाज आणि शवविच्छेदनात दिसलेला बिघाड यांची त्याने सांगड घातली. गॅरेजमध्येही नेमके हेच होत होते. आधी ऐकून निदान, मग इंजिन खोलून झिजलेले बेअरिंग हातात. तेही त्याच घडणीच्या इंजिनावर, पुन्हापुन्हा. कान तयार झाला तो या पडताळ्यातून.

यावर आक्षेप असा की दोन मेकॅनिक एकाच आवाजाची दोन निदाने करत. ते खरेच आहे. धातूतून आवाज दूरवर पोचतो आणि जागेबाबत फसवतो. म्हणूनच तर केवळ ऐकण्यावर न थांबता वायर आणि पट्टा काढून पाहण्याची पद्धत रुळली. जो ती टाळी, तोच जास्त चुके. दुसरा आक्षेप, हे सारे टंचाईचे अपत्य. टंचाईने हे ज्ञान वाढीला लावले, यात शंका नाही. पण त्याची सत्यता टंचाईवर अवलंबून नव्हती. आता बिघाडाचे कोड दाखवणारा स्कॅनर आहे, हा तिसरा आक्षेप. स्कॅनर सेन्सरने नोंदवलेलेच सांगतो. झिजू लागलेल्या बेअरिंगचा कोड पुष्कळदा उमटतच नाही, आणि तेव्हा पुन्हा कानच लागतो.

खरी अडचण निराळीच आहे. आज बिघडलेला भाग आतून न पाहता अख्खाच बदलला जातो, त्यामुळे ऐकलेले आणि दिसलेले यांची गाठ पडत नाही, आणि नव्या मुलांचे कान तयार होत नाहीत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर नाही, पण तिची इंजिने खोललेले हात अजून कामात आहेत. आपल्या आयटीआयनी त्या मेकॅनिकना वर्गात बोलवावे, बिघडलेल्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित करावेत आणि प्रत्येक आवाजाशेजारी खोलल्यावर काय सापडले ते लिहून ठेवावे. लेनेकने आपली निरीक्षणे लिहून ठेवली, म्हणून ती त्याच्यामागे टिकली. गॅरेजमधले हे ज्ञान फारसे कोणी लिहून घेतलेले नाही, आणि ते सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.