जंतूच्या पोथीतील पाठभेद

जुन्या पोथीची वंशावळ लावावयाची तर संशोधक लेखनिकांच्या चुका पाहतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके 1506 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क करता येतो. क्षयाच्या जंतूसही आम्ही अशीच एक पोथी समजतो. तिची सुमारे 44 लाख अक्षरे 1998 साली प्रथमच संपूर्ण वाचली गेली. जंतू दुभंगताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ही चूक म्हणजेच उत्परिवर्तन, आणि ती पुढील सर्व पिढ्यांत उतरते.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात टुगेला फेरी नावाचे गाव आहे. 2005 च्या आरंभापासून सव्वा वर्षात तेथे असे 53 रुग्ण आढळले की, ज्यांच्या जंतूंपुढे मुख्य औषधे हतबल ठरली. त्यांपैकी 52 दगावले. बेडका तपासणीस दिल्यापासून निम्मे रुग्ण सोळा-एक दिवसांतच गेले. ज्यांची तपासणी झाली ते सर्व एड्सच्या विषाणूने आधीच पोखरलेले होते.

अशा वेळी पहिला दोष येतो तो रुग्णावर : त्याने औषध मध्येच सोडले असेल! या दोषारोपात थोडे तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. औषध प्रतिकार निर्माण करीत नाही. कोट्यवधी जंतूंत जे थोडे आधीच बदललेले असतात त्यांना ते रान मोकळे करून देते. ब्रिटनमधील 1948 च्या प्रसिद्ध प्रयोगात हे दिसलेच होते. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या 55 पैकी सहा महिन्यांत 4 दगावले, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या 52 पैकी 14. पाच वर्षांनी मात्र हे आकडे 32 आणि 35 असे झाले! एकाच जंतूत दोन चुका एकदम होणे अतिशय दुर्मिळ, म्हणून दोन-तीन औषधे जोडीने देण्याची पद्धत पडली.

परंतु टुगेला फेरीच्या ज्या रुग्णांचा पूर्ववृत्तांत मिळाला, त्यांतील निम्म्याहून अधिकांनी क्षयाचे औषध पूर्वी कधी घेतलेच नव्हते. जे औषध घेतलेच नाही ते सोडणार कसे? शिवाय बहुतेकांचे जंतू एकाच वाणाचे निघाले. म्हणजे त्यांना प्रतिकारी जंतूच दुसऱ्याकडून लागला होता.

2015 साली संशोधकांनी या वाणाचे पाठभेद मोजून त्याची शकावली मांडली. आयसोनियाझिडला न जुमानणारी चूक 1957 च्या सुमारास झाली असावी. ते औषध प्रचारात येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. 1984 च्या सुमारास रिफॅम्पिसिनही निष्प्रभ झाले, आणि 1995 च्या सुमारास, म्हणजे टुगेला फेरीच्या दहा वर्षे आधी, हा वाण पूर्णत्वास गेला होता. मधल्या काळात त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण प्रत्येक रुग्णाचा जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासण्याचा प्रघातच नव्हता. आमच्या मते खरा दोष येथे आहे.

2010 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक शीघ्र चाचणी मान्य केली. दोन तासांत उत्तर देणारी ही चाचणी रिफॅम्पिसिनसाठी पोथीतील 81 अक्षरेच वाचते, आणि बहुतेक ठिकाणी तेवढे पुरतेही. पण शेजारच्या स्वाझीलंडमध्ये, आजच्या एस्वातिनीत, 2009 च्या पाहणीतील बहुऔषधप्रतिकारी जंतूंपैकी शेकडा 30 जंतूंची चूक नेमकी त्या 81 अक्षरांच्या बाहेर होती.