सासवडचा दुसरा दिवस

रविवार, 9 जुलै 1961. ज्येष्ठ वद्य द्वादशी. तुम्ही सासवडात, कऱ्हेच्या काठी आहात आणि आज चालायचं नाही.

काल एकादशी होती. पुण्याच्या भवानी पेठेतून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघाली आणि सासवडला टेकेपर्यंत दहा कोसांची मजल झाली, त्यात दिवे घाटाची चढण. आळंदी ते पंढरपूर या वाटेवरची सगळ्यात लांब मजल हीच, आणि ती पडते नेमकी उपासाच्या दिवशी. तिच्या पाठीला लागून बारशीचा सबंध दिवस मोकळा. हा क्रम ज्यांनी बसवला त्यांना अभंगाइतकीच माणसाच्या पोटरीचीही जाण होती.

तुम्ही श्रीगोंद्याजवळच्या काष्टीच्या वारकऱ्यांबरोबर आला आहात. मंडळींनी काष्टीच्या स्टेशनात गाडी धरली, दौंडला बदलली, पुण्याहून आळंदी गाठली. दौंड-मनमाड मार्ग 1878 सालचा, त्यामुळे पुण्यापर्यंत आगगाडी आणि आळंदीहून पुढे पायी, हा शिरस्ता यांच्या आज्यापणज्यापासूनचा. श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांचं नाव घेतल्याशिवाय यांचं भजन संपत नाही.

मंडळींतले आबा झाडाखाली बसलेत, ते तुम्हाला हाक मारतात.

"आरं, पाय दाव इकडं."

तुम्ही लाजून पाय पुढे करता. टाचेवर रुपयाएवढा फोड. आबा टोपीच्या घडीतून सुई काढतात, तिच्यात पांढरा दोरा ओवतात, सुई काडीच्या जाळावर धरतात आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढतात. दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोकं तोडतात. पाणी दोऱ्यावाटे झिरपायला लागतं. "कातडं वढून काढायचं न्हाई. त्ये आपसूक बसतं." मग करडईचं तेल. तुमचा पाय त्यांच्या मांडीवर आहे आणि ते तुमच्या दुप्पट वयाचे आहेत. तुम्ही नको नको म्हणता. "पाय माउलीचा हाय, तुझा कुठं हाय?" म्हणत ते तळवा चोळत राहतात.

नदीकाठी सगळा संसार मांडलेला. धोतरं, लुगडी, बंड्या खडकांवर वाळताहेत. पावसानं उघडीप दिली आहे तोवर वाळली तर वाळली. न्हाव्यांपुढे रांग आहे. पखवाजवाला शाई आणि वाद्या तपासतोय. कुणी वहाणेला ठोकून घेतोय, कुणी पडशीचा बंद शिवतोय. तीन दगडांच्या चुलींवर बायका बारस सोडायचा स्वयंपाक करताहेत. काल दिवसभर भगर आणि शेंगदाणे, आज डाळ, भात, भाकरी आणि गूळ. पंगत बसते तेव्हा वाढणारा प्रत्येकाला माउली म्हणतो, दोनदा मागणाऱ्यालाही.

जेवण झाल्यावर दर्शनाला. कऱ्हेच्या काठी सोपानदेवांची समाधी आहे. 1296 साली, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला त्यांनी इथे देह ठेवला. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली त्यानंतर एका महिन्याने. वारकरी म्हणतात, थोरला भाऊ धाकट्याकडे उतरलाय, मग एका रात्रीत निघेल कसा? सोपानकाकांची पालखीही सासवडहूनच पंढरीला जाते.

रांगेत उभे असताना आबा हैबतबाबांची गोष्ट सांगतात. साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनीच या सोहळ्याला आजची शिस्त लावली: दिंड्यांचा क्रम, मुक्काम, मुक्कामाची आरती. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आणि तंबू तेव्हापासूनचे. "शिंद्यांचा वाडा आपल्या श्रीगोंद्यात बी हाय," आबा पुन्हापुन्हा सांगतात.

दुपारी आबांना घरी लेकाला पत्र लिहायचं असतं. त्यांना अक्षर येत नाही, तेव्हा पोस्टकार्ड तुमच्या हातात. ते सांगतात, तुम्ही लिहिता. आम्ही सासवडला खुशाल आहोत. पाऊस पडला का? बाजरी पेरली का? काल शनिवार होता, बाजारात बैलांचा काय भाव निघाला? पांढऱ्या बैलाला गिऱ्हाईक आलं तरी मी येईपर्यंत द्यायचा नाही. मग जरा थांबून, आवाज उतरवून: तुझ्या आईचं गुडघ्याचं कसं आहे? चालताना आबांनी यातलं काही बोलून दाखवलेलं नाही. घर आठवायला बसावं लागतं.

कार्डावर तारीख घालताना तुमचा हात अडखळतो. येत्या बुधवारी सकाळी, 12 जुलैला, पानशेतचं धरण फुटणार आहे. खाली खडकवासला टिकणार नाही आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली जातील. तेव्हा पालखी नीरेच्या वाटेवर असेल. ज्या पुण्यानं दोन दिवस वारकऱ्यांना जेवू घातलं, त्या पुण्याची बातमी वाटेत तोंडातोंडी पोचेल. तुम्ही आबांना म्हणता, पानशेतचं धरण फुटलं तर? ते हसतात. "आजून पुरं बांधून न्हाई झालं, लेका." खरंच आहे ते. बांधकाम पुरं झालेलं नाही, आणि तोच घात आहे. पण हे तुम्हाला पुढच्या काळातून आल्यामुळे कळतं. त्यांच्यापाशी आजचा दिवस आहे, आणि तो त्यांना पुरतो.

गर्दीत एक पुणेरी दिसणारा माणूस वारकऱ्यांशी बोलत, बघत हिंडत असेल तर नीट पाहून घ्या. लेखक दि. बा. मोकाशी या वर्षी वारीत चालताहेत. त्यांचं 'पालखी' हे पुस्तक 1964 साली येईल.

संध्याकाळी कीर्तन. निम्मे ऐकणारे बसल्याजागी पेंगताहेत आणि कीर्तनकार त्यांना उठवत नाहीत. उद्या जेजुरी.

वारीचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की आपल्याला दिवे घाटाचा नागमोडी जनसागर दिसतो, आणि दर वर्षी कॅमेरे तिथेच लागतात. घाट चढून जाणं एका दिवसाच्या हौसेनंही जमतं. अडीचशे किलोमीटर चालायचे तर मात्र अनोळखी माणसाच्या मांडीवर पाय ठेवायला आणि दुसऱ्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायला शिकावं लागतं, आणि ते शिकायला मुक्कामाचा दिवसच हवा. सासवडला माउली आजही दोन रात्री थांबतात. यंदा जाणार असाल तर घाट हुकला तरी चालेल. बारशीला सासवडला जा. सुई-दोरा आणि तेलाची बाटली बरोबर असू द्या.