अद्भुत कथेंतील भित्रा नायक

नारो सदाशिव रिसबूड यांनीं १८६८ सालीं ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हां प्रस्तावनेंत एक तक्रार नमूद केली. आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनांत मनोरंजक असें कांहीं घडत नाहीं, सबब वाचकास रिझवावयाचें तर अद्भुताचा आश्रय करणें भाग आहे, असा तिचा आशय. तक्रार प्रामाणिक होती. परंतु जीवन सामान्य म्हणून टाकून दिलें, कीं त्याबरोबर सामान्य माणूसही टाकला जातो. १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’नें पाडलेल्या वाटेनें जाणाऱ्या या अद्भुत कथांत रूप, कुल आणि शौर्य हीं नायकास बहुधा उपजतच लाभलेलीं असत. संकटें येत तीं त्याचें तेज दाखविण्यासाठीं, त्याला बदलण्यासाठीं नव्हे. भिऊन मागें फिरणारा नायक या कथांना परवडणारा नव्हता.

महाभारताला तो परवडला होता. कौरवांनीं गाई वळविल्या, तेव्हां विराटाचा पुत्र उत्तर अंतःपुरांत बढाया मारीत होता. योग्य सारथी तेवढा नव्हता, एवढीच त्याची अडचण! बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुन सारथी मिळाला आणि ती सबब संपली. पुढें कौरवसेना दिसतांच उत्तराच्या अंगावर कांटा उभा राहिला आणि रथांतून उडी टाकून तो पळाला. अर्जुनानें त्याला केंस धरून परत आणलें. पण ‘आतां लढ’ असें तो म्हणाला नाहीं. ‘लगाम धर’ म्हणाला. झेपेल एवढेंच काम त्यानें दिलें. शमीवृक्षावरील शस्त्रें काढतांनाही उत्तर कचरला, कारण तेथें प्रेत बांधलें आहे अशी वदंता होती. तरी तो चढला. मग भीष्म-द्रोणांच्या बाणवर्षावांत त्यानें रथ हांकला. विजयानंतर राजानें पुत्राची स्तुति आरंभिली, तेव्हां सकाळचा तो बढाईखोर म्हणाला कीं, हें माझें कर्तृत्व नव्हे, एका देवपुत्राचें आहे. उत्तर मोठा झाला तो या वाक्यांत.

इंग्रजींत कित्येक शतकांच्या शूर सरदारांनंतर घरकोंबडा नायक अद्भुत कथेंत आला, तो विशेषतः १९३७ सालच्या टॉल्किनकृत ‘द हॉबिट’मध्यें. त्याचा कर्ता १९१६ सालीं सोमच्या रणांगणावर होता. भय त्यानें जवळून पाहिलें होतें. मराठी रंगभूमीला त्या सुमारास निराळीच निकड होती. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधां’त विराटनगरी आली, पण प्रेक्षकांना हवा होता भीम, सरकारनें १९१० सालीं नाटकावर बंदी घातली, ती उगीच नव्हे. पारतंत्र्यांत भित्र्या उत्तराकडे पाहण्यास सवड कोणाला?

कथेबाहेरच्या वीरांसही जनस्मृति असेंच वागविते. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, तेव्हां पश्चिम खानदेशांत असलेल्या नंदुरबार गांवीं मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी कामास आले. व्यापारी कुटुंबांतला हा मुलगा त्या वेळीं सोळा वर्षांचाही नव्हता. त्याला जन्मजात निर्भय म्हणणें सोपें आहे. परंतु तसें म्हटलें, कीं बंदुकीसमोर उभें राहण्याचें श्रेय त्याच्या निश्चयाकडून निसटून स्वभावाकडे जातें, आणि शेजारच्या बांकावरच्या मुलाला तो परका होतो.

उत्तराची कथा गोग्रहणापाशीं संपत नाहीं. भारतीय युद्धाच्या पहिल्याच दिवशीं तो हत्तीवर बसून शल्यावर चालून गेला, त्याच्या रथाचे घोडे मारले, आणि शल्याच्या शक्तीनें पडला. त्या दिवशीं केंस धरून परत आणण्याची गरज कोणास पडली नाहीं. कीर्तनांत उत्तराच्या बढायांवर हंशा पिकतो. या प्रसंगापर्यंत कथेकरी क्वचितच येतात.