वेखंडाच्या कांडीपासून सभासद क्रमांकापर्यंत

धर्माबादकडे लेकरू अडीच वर्षांचं झालं तरी बोलेना, की घरातली आजी आधी वेखंडाची कांडी शोधते. सहाणेवर मधात उगाळायची आणि बोटानं जिभेला लावायची. वेखंडाचं संस्कृत नाव ‘वचा’, म्हणजे बोलण्याशी नातं नावातच आहे. तेवढ्यानं गुण आला नाही तर बासर. रेल्वेनं पुढचंच स्टेशन, पण राज्य दुसरं. व्यासांनी तिथं तप केलं, म्हणून आधी व्यासर, मग वासर आणि शेवटी बासर, असं सांगतात. गोदाकाठच्या त्या ज्ञानसरस्वतीच्या देवळात वसंत पंचमीला अक्षराभ्यासासाठी मराठी आणि तेलुगू घरांची एकच गर्दी होते. पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला आलेल्या लेकरांत काही अशीही असतात, ज्यांच्या तोंडून अजून शब्द फुटलेला नसतो. त्यांच्या आयांचे जोडलेले हात बराच वेळ सुटत नाहीत.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. माझ्याकडे ही लेकरं त्यानंतर येतात. ‘‘मॅडम, जीभ जड हाय का बगा की याची,’’ आजी म्हणते. मी जीभ बघते, पण आधी कान तपासून घेते. बोलत नाही तर कान कशाला, याचं घरच्यांना नवल वाटतं. जे लेकरू ऐकत नाही ते बोलणार कशावरून, हे समजावण्यात पहिली भेट संपते. वेखंड लावणाऱ्या आजीवर मी कधी रागावले नाही. घरात सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलेलं असतं. वाईट वाटतं ते मधल्या दोन वर्षांचं, कारण भाषा रुजण्याची तीच वर्षं.

माझ्या खोलीच्या भिंतीवर दोन चौकटी आहेत. एकीत भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र. ते नसेल तर हे काम करणं गुन्हा आहे. 1992च्या कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. दुसऱ्या चौकटीत इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं सभासदपत्र. ते कुणी मागत नाही, त्यावाचून दवाखाना बंद पडत नाही. ते मी स्वतः अर्ज करून, वर्गणी भरून घेतलं. पहिला क्रमांक सरकारनं दिला, दुसरा माझ्याच व्यवसायातल्या माणसांनी. या दुसऱ्या क्रमांकाच्या मागं जात जात मी कुठवर पोचले, ते इथं लिहिते आहे.

1924 साली व्हिएन्नात एमिल फ्रॉशेल्स नावाच्या डॉक्टरांनी वाचा आणि आवाजाच्या दोषांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1925मध्ये, न्यूयॉर्कला अमेरिकेतल्या वक्तृत्व आणि भाषणकला शिकवणाऱ्या शिक्षकांचं अधिवेशन भरलं होतं. चांगलं बोलणाऱ्यांना आणखी चांगलं बोलायला शिकवणारी ही मंडळी. त्यांच्यातच काही जण असे होते, ज्यांचं मन अडखळणाऱ्या, बोबडं बोलणाऱ्या, टाळू फाटलेल्या मुलांकडे होतं. ते बाजूला जमले आणि ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्पीच करेक्शन’ स्थापन झाली. सुरुवातीचे सभासद 25. रॉबर्ट वेस्ट पहिले अध्यक्ष. आयोवा विद्यापीठातले ली एडवर्ड ट्रॅव्हिस त्यांच्यातले एक. आज लाखोंच्या घरात सभासद असलेल्या संघटनेचा आरंभ एका जेवणाच्या पंगतीएवढ्या माणसांचा आहे. तालुक्यात एकट्यानं काम करणाऱ्या माझ्यासारखीला या 25च्या आकड्यानं फार धीर दिला.

त्या संघटनेचं नाव किती वेळा बदललं, हे पाहण्यासारखं आहे. आधी ‘करेक्शन’, म्हणजे दुरुस्ती. दोनच वर्षांत, 1927ला, नावात वाचादोषांचा ‘अभ्यास’ आला. 1934ला पुन्हा ‘करेक्शन’. 1947ला ‘स्पीच अँड हिअरिंग’, कारण महायुद्धातून कान गमावून परतलेल्या सैनिकांनी श्रवणाचं शास्त्र झपाट्यानं पुढं ढकललं होतं. 1978ला त्यात ‘लँग्वेज’ची भर पडली. जीभ सरळ करणं, मग कान तपासणं आणि मग माणसाच्या डोक्यातली भाषा समजून घेणं. 53 वर्षांत या लोकांना आपलं काम कोणतं ते हळूहळू उमगत गेलं. आमच्या धर्माबादची आजी आजही पहिल्याच पायरीवर, जिभेवर, बोट ठेवते. तिला मी काय हसणार? या शास्त्राची सुरुवातही तिथूनच झाली.

1930 साली त्या संघटनेनं नीतिनियम केले. हमखास बरं करण्याची हमी देणं अनैतिक. उतावीळ आश्वासनं देणं अनैतिक. नुसत्या पत्रव्यवहारानं वाचादोष घालवतो, अशी जाहिरात करणं अनैतिक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबले. ‘पंधरा दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद’ असे कागद भिंतींवर डकवलेले मी लहानपणापासून पाहत आले आहे, आता तेच फोनवर दिसतात. अडखळत बोलणाऱ्या तरुणाला लग्नाची तारीख ठरलेली असते, मुलाखत तोंडावर असते. तो हमीच्या शोधात असतो, आणि मी ती देत नाही म्हणून काही जण परत येत नाहीत. एकट्यानं हे सोसणं जड जातं. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी हाच प्रश्न एकत्र बसून सोडवून ठेवला आहे, हे कळलं की पुढच्या माणसाला ‘हमी देता येत नाही’ म्हणताना आवाज कापत नाही.

त्या पिढीतल्या अनेकांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर, दोघंही स्वतः अडखळत बोलणारे. जॉन्सन पुढं त्याच संघटनेचे अध्यक्ष झाले. इंग्लंडमध्ये राजा सहावा जॉर्ज याला भाषणासाठी तयार करणारे लायनेल लोग यांच्याकडे या विषयाची पदवी नव्हती. तरी 1935 साली ब्रिटिश सोसायटी ऑफ स्पीच थेरपिस्ट्स स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. आपल्यानंतर येणाऱ्यांना रीतसर शिक्षण आणि ओळख मिळावी, ही धडपड त्यामागे दिसते. 1945ला तिथं कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स निघालं.

आपल्याकडे वाट कानाकडून आली. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मूकबधिरांची शाळा निघाली, देशातली या प्रकारची पहिली. बोलणं शिकवणारे म्हणजे बधिरांचे शिक्षक, असंच समीकरण पुढं कित्येक वर्षं राहिलं. वाचा-श्रवण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईतच, 1963 साली, टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालयात. हे कॉलेज 1921चं, असहकाराच्या काळात टिळक स्वराज्य फंडाच्या आधारानं उभं राहिलेलं. तिथंच देशातले पहिले वाचा-उपचारतज्ज्ञ घडू लागले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नाही. माहीत असायला हवी.

दोन वर्षांनी, ऑगस्ट 1965मध्ये, म्हैसूरला केंद्र सरकारनं संस्था काढली. तिचं पहिलं नाव ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’. हा शब्द अमेरिकेतल्या विचिटा गावाहून आला. तिथं मार्टिन पामर यांची याच नावाची संस्था होती, आणि म्हैसूरच्या उभारणीत त्यांचा सल्ला होता. पहिले संचालक डॉ. बी. एम. राव. ‘लोगोपेडिक्स’ मात्र कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि लवकरच संस्थेचं नाव ‘स्पीच अँड हिअरिंग’ झालं. शिकून बाहेर पडलेले जेमतेम मूठभर असतानाच, 1966-67च्या सुमारास, इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन जन्मली. माझा क्रमांक त्या ओळीतला.

इथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आमच्या असोसिएशनच्या जन्माचं वर्ष. पुनर्वास परिषद 1986ला संस्था म्हणून आली, तिला कायद्याचं बळ 1993ला मिळालं. म्हणजे आपण कोण, आपलं शिक्षण किती असावं, आपण काय करू नये, हे सरकारनं विचारण्याआधी वीसेक वर्षं या लोकांनी एकमेकांना विचारून घेतलं होतं. वार्षिक अधिवेशनं भरवली, नियतकालिक चालवलं, नवख्यांना पेपर वाचायला उभं केलं. नोंदणी परवाना देते, पण एखादी केस अडली तर फोन कुणाला करायचा ते नोंदणीपत्रावर लिहिलेलं नसतं.

1983 साली वांद्र्याला श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था निघाली, तिला अली यावर जंग यांचं नाव दिलं. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि पदावर असतानाच 1976मध्ये वारले. पण आमच्यासाठी ते त्याआधीचे: हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. धर्माबादही तेव्हा निजामाच्याच राज्यातलं. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या या गावातून आजही मुंबईपेक्षा सिकंदराबाद खूप जवळ पडतं, आणि त्या राष्ट्रीय संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादलाच आहे. आमच्याकडची लेकरं अनेकदा उलट्या दिशेची गाडी धरतात आणि तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या थेरपिस्टसमोर जाऊन बसतात.

कायद्यालाही वाचा उशिराच दिसली. 1995च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यात श्रवणदोष होता, बोलणं आणि भाषा नव्हती. 2016च्या कायद्यात 21 प्रकार झाले आणि वाचा-भाषा दिव्यांगत्वाला पहिल्यांदा स्वतःची ओळ मिळाली: स्वरयंत्र काढावं लागलेले, पक्षाघातानं भाषा हरवलेले. तंबाखूनं घसा गेलेला मोंढ्यातला हमाल आता कागदावर तरी आहे.

मी सभासद झाले तेव्हा एवढं काहीच ठाऊक नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुली अर्ज भरत होत्या, मीही भरला. पुढं काही वर्षं सभासदत्व म्हणजे नुसती चौकट. नोंदणीच्या नूतनीकरणाला शिक्षणाचे गुण लागतात, तेवढ्यापुरती अधिवेशनाला जाऊन मागच्या रांगेत बसायचे.

बदल झाला तो एका मुलामुळं. घरी तेलुगू, अंगणवाडीत मराठी, गल्लीत उर्दू. साडेतीन वर्षांचा, थोडंच बोलणारा. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात त्याच्या आईला सांगितलं होतं, घरात एकच भाषा बोला, तेलुगू बंद करा. आईला मराठी मोडकीतोडकी येत होती. ती गप्प झाली. आईच गप्प झाल्यावर लेकराला भाषा कुठून मिळणार? अनेक भाषा कानावर पडल्यानं बोलणं खुंटत नाही, हे संशोधनानं वारंवार दाखवलेलं आहे. आम्ही तेलुगू परत सुरू केली आणि आई पुन्हा बोलायला लागली.

त्याच मुलाची उच्चार तपासणी करताना हिंदी शब्दयादी समोर होती. हिंदीत ‘ळ’ नाही. ‘चूल’ मधला आणि ‘चिंच’ मधला असे दोन ‘च’ नाहीत. मराठीत दोन्ही आहेत, आणि गंमत म्हणजे तेलुगूतही ‘ळ’ आहे, तसा दुहेरी ‘च’ही आहे. या मुलाच्या तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले आवाज त्या यादीनं विचारलेच नसते. मराठी याद्या आहेत, पण त्यांतली बोली पुण्या-मुंबईकडची. आमचं लेकरू ‘काय करायलास?’ म्हणतं, ते व्याकरणाची चूक म्हणून खाली उतरवलं जाऊ शकतं. अमेरिकेतल्या संघटनेनं 1983 साली जाहीर भूमिका घेतली होती: इंग्रजीची कुठलीही बोली हा वाचादोष नव्हे. आमच्या करायलास-जायलाससाठी असं कुणी म्हणायचं, तर ते धर्माबादेत बसून होणार नव्हतं, आणि धर्माबादच्या माणसाशिवायही होणार नव्हतं.

पुढच्या अधिवेशनात मी मागची रांग सोडली. प्रश्नोत्तरांच्या वेळी उभी राहिले, पाय लटपटत होते, आणि दोन ‘च’ सांगितले. चहाच्या वेळी सोलापूरकडची एक मैत्रीण भेटली, तिच्याकडे मराठी-कन्नड घरं. बेळगावची एक होती. विदर्भातला एक तरुण गोंडी घरांतल्या मुलांबरोबर काम करणारा. सगळेच आपापल्या तालुक्यात एकटे. सीमेवरच्या मराठी लेकरांसाठी चित्रं आणि शब्द गोळा करायचे, असं आम्ही तिथंच ठरवलं. कुणी नेमलं नव्हतं, निधी नव्हता, अजूनही नाही.

माझ्या वाट्याला ‘च’ आणि ‘ळ’ आले. जुन्या चित्रसंचातलं आगबोटीचं चित्र मी काढून टाकलं, आमच्या लेकरांनी आगबोट पाहिलेली नसते. त्याऐवजी मिरचीचं पोतं ठेवलं. धर्माबादच्या मिरची बाजाराच्या मोसमात सगळं गाव ठसकतं, ते चित्र दाखवलं की न बोलणारं लेकरूही आधी नाक धरून दाखवतं. अंगणवाडीच्या ताई शब्द सांगतात, आज्या दुरुस्त करतात. ‘चूल’ ठेवायची की नाही यावर वाद झाला. आता घरोघरी गॅस आहे. एका आजीनं ठणकावून सांगितलं, गॅस असला तरी लेकरू चूलच म्हणतं. ठेवली.

यादी पाठवली, तर बेळगावहून प्रश्न आला: ‘करायलास’ तुमच्याकडे लेकरं कोणत्या वयापासून म्हणतात? मला सांगता आलं नाही. आता दर बुधवारी एका अंगणवाडीच्या दारात वही घेऊन बसते.