तेलाचा ताप

मोटारसायकलच्या इतिहासात वेगाचे आणि शर्यतींचे गुणगान पुष्कळ झाले आहे. एंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या तेलाची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. वस्तुतः हवेने थंड होणाऱ्या एंजिनाचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात या तेलावर अवलंबून असते. पाण्याने थंड होणारे मोटारीचे एंजिन अति तापले की पाणी उकळते, झाकणातून वाफ फुसफुसू लागते आणि चालकाला गाडी थांबवावीच लागते. पाण्याच्या अंगी हा एक प्रामाणिकपणा आहे. तेलाचे तसे नाही. ते वाफेने इशारा देत नाही. मुकाट्याने पातळ होत जाते, आणि त्याने काम सोडल्याची वार्ता पुष्कळदा पिस्टन सिलिंडरात अडकल्यावरच कळते. या मुक्या द्रव्याचा ताप ओळखावा कसा, हा प्रश्न मोटारसायकलस्वाराच्या मागे दीर्घकाळ लागलेला आहे.

१८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत लाकडी सांगाड्यावर २६४ घनसेंटिमीटरचे एंजिन बसविले. त्याची शक्ती अवघी अर्धा अश्वशक्ती होती. साहजिकच त्यातून निघणारी उष्णताही बेताचीच. पुढे फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ यांचे लहान व वेगवान एंजिन आले आणि सिलिंडरभोवती पातळ फिन्स ओतण्याची पद्धत रूढ झाली. या फिन्समुळे धातूचा पृष्ठभाग वाढतो आणि वाहती हवा अधिक उष्णता उचलून नेते. तत्त्व सोपे, पण त्यात एक अट दडलेली आहे. हवा वाहती असली पाहिजे. गाडी थांबली की वाराही थांबतो. एंजिन चालू असेल तर उष्णता मात्र थांबत नाही.

त्या काळी तेल एंजिनात एकदाच जाई आणि पुन्हा परत येत नसे. टाकीतून ते थेंबाथेंबाने उतरे अथवा स्वार हातपंपाचा दट्ट्या काही मैलांगणिक दाबून ते आत सोडी. तेथे ते जळून जाई किंवा गळून रस्त्यावर पडे. धुराड्यातून निळसर धूर निघाला तर तेल पुरेसे आहे, धूर अजिबात दिसेनासा झाला तर दट्ट्या दाबण्याची वेळ आली, एवढेच त्याचे शास्त्र. त्या व्यवस्थेत तेलाच्या तपमानाची चिंता करण्याचे फारसे कारण नव्हते. जे तेल तापले ते गेले. त्याच्या जागी नवे, थंड तेल आले.

तेल वाचविण्याची युक्ती निघाली आणि ही चिंता जन्मास आली. १९२३ साली मॅक्स फ्रिट्झ यांनी आखलेल्या बी. एम. डब्ल्यू. आर ३२ या गाडीत एंजिनाच्या तळाशी साठवलेले तेल पंपाने वर चढवून पुन्हा तळाशी येऊ देण्याची सोय होती. अमेरिकेत इंडियन कंपनीने १९३३ मध्ये आणि हार्ले-डेव्हिडसनने १९३६ मध्ये आपल्या नव्या एंजिनासाठी तेलाच्या फेऱ्याची पद्धत स्वीकारली. आता तेच तेल शेकडो मैल फिरू लागले. प्रत्येक फेरीत ते पिस्टनच्या तळाची व बेअरिंगांची उष्णता उचले आणि टाकीत अथवा तळात आल्यावर तिचा काही भाग हवेला देई. वंगण म्हणून कामास ठेवलेला हा नोकर अशा रीतीने उष्णतेचा हमालही झाला. येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक झाली की तो स्वतःच ज्वराने फणफणू लागे.

या ज्वराच्या मर्यादा आज ठाऊक आहेत. साध्या खनिज तेलासाठी सुमारे ८० ते ११० अंश सेंटिग्रेड हा पल्ला हितकर मानतात. त्यापेक्षा फार थंड राहिले तर ज्वलनातून उत्पन्न होणारे पाणी उडून जात नाही व तेलात साचून गंज आणि आम्ल निर्माण करते. १३० अंशांच्या पुढे मात्र तेल झपाट्याने पातळ व काळे होते. दर १० अंशांच्या वाढीबरोबर त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून थंड तेलही सुरक्षित नाही आणि तापलेलेही नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य दुसऱ्या महायुद्धात प्रकर्षाने पुढे आले. अमेरिकन सैन्याची नेहमीची गाडी म्हणजे हार्लेची डब्ल्यू. एल. ए. तिचे दोन सिलिंडर एकामागे एक असत. पुढच्याने तापविलेली हवा मागच्याच्या वाट्यास येई. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन फौजेच्या बी. एम. डब्ल्यू. गाड्यांचे सिलिंडर मात्र दोन्ही अंगांस आडवे पसरलेले असत आणि दोहोंनाही समोरचा वारा सारखा मिळे. अमेरिकन सैन्याने हार्लेकडे तशीच गाडी मागितली आणि १९४२ साली बी. एम. डब्ल्यू. आर ७१ च्या धर्तीवर एक्स. ए. ही गाडी तयार झाली. तिच्या तेलाचे तपमान नेहमीच्या हार्लेपेक्षा १०० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ५६ अंश सेंटिग्रेडने, कमी राहत असल्याची नोंद आहे. सिलिंडरांची दिशा बदलली आणि तेलाचा ज्वर उतरला! तथापि जीप आल्यावर सैन्याला अशा मोटारसायकलींची गरज उरली नाही आणि सुमारे एक हजार गाड्यांवरच एक्स. ए. ची कथा संपली.

आश्चर्य असे की, विमानाच्या चालकासमोर तेलाच्या तपमानाची तबकडी असे, पण मोटारसायकलस्वाराला ती क्वचितच लाभली. कारणे व्यावहारिक होती. गाडी स्वस्त ठेवावयाची, हँडलवर जागा अपुरी, आणि हादरे असे की नाजूक यंत्र टिकणे कठीण. म्हणून पुढे एक साधा उपाय रुळला. तेलाची पातळी पाहण्याच्या सळईच्या माथ्यावरच लहानशी तबकडी बसविण्यात आली. सळईच्या पोटातील द्विधातू पट्टी उष्णतेने वळते व काटा फिरविते. पण ती वाचताना एक विवेक ठेवावा लागतो. टाकीतील तेलाचा आकडा आणि बेअरिंगामधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तेलाचा आकडा एक नसतो. शिवाय तेल सावकाश तापते व सावकाश निवते. क्षणाक्षणाचा हिशेब सिलिंडरच्या माथ्याकडून मिळतो, दिवसाचा ताळेबंद तेलाकडून.

भारतात मद्रास येथे १९५५ साली एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट घराघरांत ओळखीची झाली. तिच्या तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली होती. पुढे विजेचा प्रवाह दाखविणारा अँमीटर होता, तेलाचा ताप दाखविणारे काही नव्हते. ते काम स्वाराचा तळहात करी, त्याचे नाक करी आणि एंजिनाच्या बदललेल्या आवाजावरून त्याचा कान करी. वैशाखाच्या उन्हात चढ संपल्यावर झाडाखाली गाडी उभी करून तिला दम घेऊ देणारा स्वार अडाणी नव्हता; त्याने आकड्याविना तपमान वाचले होते.

१९८५ मध्ये सुझुकीने जी. एस. एक्स.-आर ७५० मध्ये तेलाचे फवारे पिस्टनच्या तळावर सोडून तेलालाच शीतकाचा मान दिला. २००७ मध्ये पुण्याच्या बजाज कंपनीच्या पल्सर २०० व २२० या गाड्यांवर तेल निवविणारी जाळी दिसू लागली. त्यानंतर २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज ६ या कडक नियमांनी एंजिनाच्या तपमानाला अधिकच शिस्त लावली, आणि मोठ्या गाड्यांत पाण्याचा वापर वाढत गेला.

तरीही वाऱ्यावर निवणारी एंजिने आजही असंख्य रस्त्यांवर धावत आहेत. त्यांतील तेल पूर्वीइतकेच मुके आहे. त्याला बोलते करण्याची साधने आज सुधारली आहेत. पण काटा वर चढलेला पाहून वेळीच थांबण्याचे शहाणपण कोणत्याही तबकडीत बसविता येत नाही. ते स्वारापाशीच असावे लागते.