कॅलमचा रस्ता

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी सत्तरीत विजेच्या सायकलवर डोंगर चढायचे बेत का करावेत? उत्तर सोपं आहे, गुडघे! पण बेत आखायला बसलो आणि आम्ही इतिहासातच अडकलो. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, स्काय बेटाच्या शेजारी रासे नावाचं बेट आहे. लांबी सुमारे 22 किलोमीटर, वस्ती दोनशेच्या आत. सायकल इथून नेता येत नाही, एवढी मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. तिकडेच भाड्यानं घ्यायची. पेडल मारलं तरच मदत करणारी, 250 वॅटची, ताशी 25 किलोमीटरला मोटर थांबणारी सायकल तिथे कायद्यानं सायकलच धरतात. त्यामुळे 2003 च्या कायद्यानं दिलेला डोंगरवाटांवर फिरण्याचा हक्क तिलाही लागू होतो. थंडी, वारा आणि चढ बॅटरी खातात, म्हणून विक्रेता सांगेल त्याच्या निम्मं अंतर धरायचं.

मग नकाशा उघडला. पूर्व किनाऱ्यावर हॅलेग, स्क्रीपाडल अशी नावं आहेत. घरं नाहीत, नुसत्या पडक्या भिंती. 1840 च्या दशकात जॉर्ज रेनी यानं हे बेट विकत घेतलं. पैसा कुठला? डेमेरारातल्या, गुलामांच्या श्रमावर चाललेल्या उसाच्या मळ्यांचा. 1850 च्या दशकात त्यानं गावंच्या गावं उठवली आणि मेंढ्या सोडल्या. कितीतरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला गेली. उरलेल्यांना उत्तरेच्या खडकाळ टोकाकडे सरकावं लागलं.

त्या टोकाला आर्निश नावाची वाडी. गाडीरस्ता ब्रॉकेलच्या पडक्या किल्ल्यापाशी संपायचा, पुढे पायवाट. लोक वर्षानुवर्षं रस्ता मागत राहिले आणि कौन्सिल नाही म्हणत राहिली. शेवटी कॅलम मॅक्लाउड यानं स्वतःच कुदळ उचलली. हा गृहस्थ शेतकरी, पोस्टमन आणि दीपगृहाचा सहायक रखवालदार. रस्ताबांधणीचं एक जुनं पुस्तक आणलं. मुख्यतः कुदळ, फावडं, ढकलगाडी यांच्या जोरावर 1964 पासून दहाएक वर्षांत पावणेदोन मैल रस्ता केला. तुम्हाला इथे दशरथ मांझी आठवला असेल, आम्हालाही आठवला. फरक एवढाच की कॅलमचा रस्ता झाला तोवर आर्निशमध्ये तो आणि त्याची बायको, दोघंच उरले होते. कौन्सिलनं डांबर घातलं 1982 साली.

बरं, रासेला नेणारी फेरीबोट डिझेल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते. तिचं नाव काय ठेवलं असेल? ‘हॅलेग’. सॉर्ली मॅक्लीन या रासेच्याच कवीनं याच नावाची कविता लिहिली, त्यामुळे ते नाव जगाला कळलं. कॅलम आणि मॅक्लीन दोघंही 1911 चे.

आर्निशच्या पुढे फ्लाडा बेटाकडे दगडांची वाट जाते. ओहोटीलाच ओलांडता येते, म्हणून भरतीचं वेळापत्रक खिशात हवं. सायकल अलीकडेच ठेवायची. बेतात आणखी एक बदल केलाय, ब्रॉकेलला पोचलं की मोटर बंद. पावणेदोन मैल, जमेल तसं पेडल मारत, नाहीतर सरळ उतरून ढकलत. गुडघ्यांना हे अजून सांगितलेलं नाही.