शतकमध्यातील खुर्च्या: रत्नागिरीच्या सामाजिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि वास्तू यांचाच विचार प्रथम मनात येतो. रत्नागिरीपुरते बोलावयाचे तर १९१० साली बांधून पूर्ण झालेला थिबा राजवाडा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाशी त्याचा संबंध असल्यामुळे त्याची दखल घेणे ओघानेच आले. परंतु याच गावातील कचेऱ्या, शाळा व वाचनालये यांत विसाव्या शतकाच्या मध्यास जी लाकडी, वेताची वा लोखंडी नळीची खुर्ची वावरली, तिच्याकडे मात्र अडगळ म्हणूनच पाहिले जाते. या वस्तूचे ऐतिहासिक मूल्य कोणते आणि ते टिकावे कसे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘खुर्ची’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला व अधिकाराचा वाचकही झाला. हा अर्थविस्तार आकस्मिक नव्हे. कोकणातील घरात बसण्याची साधने म्हणजे पाट, घोंगडी, ओटीवरील बैठक आणि झोपाळा. खुर्ची घरात आली ती बहुधा कचेरीच्या अनुकरणाने. कोणी कोठे बसावे हा येथे केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत इतरांच्या शेजारी बसविणे हा याच जिल्ह्यात १९२० नंतरच्या दशकात जाहीर चळवळीचा विषय झाला होता. तेव्हा सार्वजनिक संस्थेत खुर्च्या किती होत्या व त्या कोणासाठी होत्या, याची नोंद म्हणजे सामाजिक दर्जाचीच नोंद होय.

या खुर्च्यांचा काळ ठरविण्याची साधने त्यांच्यावर आणि त्यांच्याविषयीच्या दप्तरात मिळू शकतात. सरकारी वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत होते व तिचा क्रमांक वस्तूवर रंगविला जातो. खुर्चीच्या पाठीवर वा बैठकीखाली ‘जिल्हा लोकल बोर्ड’ अशी अक्षरे असतील, तर ती १ मे १९६२ पूर्वीची मानण्यास हरकत नाही. कारण त्या दिवशी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. खरेदीची किंमत रुपये-आणे-पैंत लिहिलेली असेल, तर ती नोंद सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण दशमान नाणी त्या दिवसापासून चालू झाली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. म्हणून शतकमध्यातील सावंतवाडीच्या कचेऱ्यांचा विचारही रत्नागिरीच्या दप्तरासह करावा लागतो. क्रमांक, अक्षरे व नोंदवही यांचा मेळ बसला की मुकी वस्तू बोलू लागते.

मात्र हा मेळ मोडण्यास एक निर्लेखन पुरेसे होते. निरुपयोगी ठरलेली खुर्ची लिलावात जाते; घेणारा ती घासून पुसून चकचकीत करतो आणि रंगविलेला क्रमांक प्रथम नाहीसा होतो. चंडीगढचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथील सरकारी इमारतींसाठी पिएर जानरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेत यांच्या खुर्च्या आखल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीस पोचल्या. तेव्हा त्यांवरील कचेरीच्या खुणांनाच अस्सलपणाचा पुरावा म्हणून महत्त्व आले. केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस २०११ मध्ये प्रतिबंध केला. तोवर पुष्कळ खुर्च्या देशाबाहेर गेल्या होत्या. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाचे संरक्षण सामान्यतः शंभर वर्षांच्या वस्तूस मिळते. म्हणजे १९५५ ची खुर्ची २०५५ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने पुरावस्तू ठरत नाही. रत्नागिरीच्या खुर्च्यांना थोर रचनाकाराचे नावही नाही. त्यांचे रक्षण कायदा करणार नाही व बाजारही करणार नाही. ते अभ्यासकालाच करावे लागेल.

संग्राहकाचे पहिले कर्तव्य खुर्ची मिळविणे हे नसून तिची नोंद करणे हे आहे. दुरुस्तीपूर्वी छायाचित्र घ्यावे. लाकूड, मापे, सांधे, विणीचा प्रकार, रंगविलेली अक्षरे आणि ती कोठून आली हे टिपून ठेवावे. मूळ रोगण सरसकट खरवडू नये. काढलेला भाग फेकून न देता चिठ्ठी बांधून जपावा.

जतनाच्या बाबतीत कोकणचे हवामान हाच मुख्य शत्रू आहे. पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड फुगते, सांधे सैलावतात व वेतावर बुरशी धरते. खुर्ची भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. पाय ओलसर जमिनीवर टेकू देऊ नयेत. बुरशी मऊ ब्रशाने झाडावी व वस्तू सावलीत वाळवावी. कडक उन्हात लाकूड तडकते. भोकांखाली ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजून ती खुर्ची इतरांपासून वेगळी करावी. सैल पडलेली वेताची वीण खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून सावकाश वाळू दिली असता पुष्कळदा आवळते. तुटलेली वीण मात्र जाणत्या कारागिराकडूनच विणून घ्यावी. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी नळी व स्क्रू गंजतात. ते पुसून कोरडे करावेत व त्यांवर मेणाचा पातळ हात द्यावा.

ही कामे खर्चाची नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एकेका शाळेची वा वाचनालयाची जडवस्तू नोंदवही तपासून उरलेल्या खुर्च्यांशी ताडून पाहिली, तरी जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा एक अलिखित अध्याय हाती लागेल. राजाचा वाडा सांभाळण्यास सरकार आहे. कारकुनाची आणि शिक्षकाची खुर्ची पुढील निर्लेखनापूर्वी नोंदविली गेली नाही, तर तिच्याबरोबर तिचा पुरावाही जाईल.